तहकीकातीची नोकरी

दगड निघाला आणि त्याच्यामागे भिंत आली. गवंडी खालीच उभा होता, पहार त्याच्या हातात होती. आधी दोन-तीन दगड सुटले, मग ती सगळी बाजू बसली आणि भिंतीमागची काळी माती वरून ढासळत राहिली. धुळीने विहीर भरली. आम्ही काठावर होतो, आम्हाला आतले काही दिसेना. आवाज ऐकू आला तो माझ्या नवऱ्याचा. "सर, ऊपर! ऊपर चढिए!" असे तो ओरडत होता. गवंड्याला त्याने हाक मारली नाही.

माझ्या हातात ताट होते आणि ताटात लिंबाच्या सरबताचे पेले. हैदराबादहून आलेला प्रोफेसर विहिरीतून वर आला की त्याच्यापुढे धरायचे, असे सासूने बजावले होते. सासू माझ्या शेजारी ठेवणीतले लुगडे नेसून उभी होती. ती ऊर बडवू लागली, "माझा लेक गेला गं, माझा लेक!" तिचा लेक गेला नव्हता. धूळ खाली बसली तेव्हा तो पायऱ्यांवर दिसला, पिंढरीचे कातडे सोललेले. प्रोफेसर त्याच्या वरच्या पायरीवर पालथा पडला होता आणि त्याचा एक हात कोपराखाली वाकडा झाला होता. गवंडी कुठेच दिसत नव्हता.

गडी उतरले आणि पाट्यांनी माती उपसू लागले. दुपार कलल्यावर तो सापडला. त्याच्या तोंडात आणि नाकात माती होती. हे मी ऐकलेले नाही, पाहिलेले आहे. त्याची बायको तोवर येऊन काठाशी बसली होती. ती रडत नव्हती. गडी दगड सावकाश उचलतात म्हणून त्यांना शिव्या देत होती.

उपसा चालू असताना माझा नवरा पायाला रुमाल बांधून खालच्या पायरीवर बसला होता. पडलेल्या दगडाला सिमेंटचा गोळा चिकटला होता, तो त्याने उचलला आणि बोटांत दाबला. इतक्या आठवड्यांनी सिमेंट दगडासारखे व्हायला हवे होते. ते बोटात दबले. त्याने ते हुंगले, मग जिभेला लावले. आणि मान वर करून सरळ आपल्या आईकडे पाहिले. प्रोफेसर डोळे मिटून कण्हत होता, त्याला हे दिसले नाही. मला दिसले.

हे सगळे एका नोकरीसाठी चालले होते, ती नोकरी काय होती ते आता सांगते.

माझा नवरा त्याच्या घराण्यात पहिला शिकलेला. बीडला शाळा झाली, मग हैदराबादला विद्यापीठात गेला. तिथे सगळे शिक्षण उर्दूत होते, इंजिनिअरिंगसुद्धा. पास झाल्यावर विद्यापीठानेच त्याला ठेवून घेतले, संशोधनाच्या जागेवर. उर्दूत त्या कामाला तहकीक म्हणत. आमच्या गावात त्याची तहकीकात झाली, आणि तहकीकात म्हणजे पोलिसांची चौकशी, एवढेच आम्हाला ठाऊक. पाणवठ्यावर बायका मला विचारत, "तुजा नवरा तहकीकात करतो म्हणं? कुणाचा खून झालाय गं?"

मी म्हणत असे, "अजून न्हाई झाला."

जागा मुदतीची होती. मुदतीच्या आत काहीतरी नवे करून दाखवायचे, प्रोफेसरने ते येऊन पाहायचे, पसंत पडले तर जागा कायम. नाहीतर केजजवळच्या आमच्या गावी परत येऊन औत धरायचे. औत धरण्याची त्याला साप दिसल्यासारखी भीती वाटे. सुट्टीत आला तरी बांधापलीकडे जात नसे. जागा कायम झाली की विद्यापीठाकडून राहायला घर मिळणार होते आणि मला तिकडे नेणार, असे तो म्हणे. मला हैदराबादची हौस नव्हती, पण सासूच्या चुलीपासून दूर जायला मी कुठेही गेले असते. सासूचे आणि माझे कधी जमले नाही. ती आज नाही म्हणून जमत होते असे मी लिहिणार नाही.

प्रोफेसरने त्याला दिलेले काम विहिरीच्या भिंतीचे होते. आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि भिंतीला मागून ढकलते. जुन्या विहिरी चुन्यात बांधलेल्या. सिमेंट तेव्हा नवे होते. ते या मातीत चुन्यापेक्षा चांगले टिकते का, हे बांधून बघायचे होते. विद्यापीठाकडे विहीर नव्हती. सरकारी विहिरीला हात लावायचा तर इतक्या दफ्तरांतून हुकूम आणावे लागत की तेवढ्यात मुदत संपली असती. म्हणून नवऱ्याने आमच्याच मळ्यातली पडकी विहीर घेतली. सासरे वारले होते, घर सासूच्या हुकमावर चाले. तिने एका शब्दावर विहीर दिली आणि गावभर सांगत सुटली, "माज्या लेकाची इहीर बगाया हैद्राबाद येणार हाय."

अर्धी भिंत चुन्यात आणि समोरची अर्धी सिमेंटात, असे ठरले. सिमेंटची पोती परळीपर्यंत रेल्वेने आली आणि तिथून बैलगाडीने. पोते फोडल्यावर सासूने चिमूटभर हातात घेऊन बघितले.

"राखच की ही. राखंनं भित उभी ऱ्हाती व्हय?"

नवरा पोती मोजत राहिला. तो घरात कुणाला काही समजावून सांगत नसे. विचारले तर "तुला कळायचं न्हाई" एवढे त्याचे उत्तर ठरलेले. गवंड्याला मात्र त्याने माझ्यासमोर बजावले होते, "सिमेंट, वाळू, पाणी. चौथी वस्तू न्हाई."

"बरं सायेब," गवंडी म्हणाला. त्याच्या बापाने आमच्या गावची निम्मी घरे बांधली होती आणि हा लहानपणापासून चुन्यात वाढला होता. सिमेंट तो पहिल्यांदाच हाताळत होता.

काम सुरू झाले आणि लगेच नवऱ्याला हैदराबादला जावे लागले, कारण त्या जागेवरच्या माणसाला पोरांना शिकवायचेही असे. जाताना तो गवंड्याला पुन्हा तेच सांगून गेला. प्रोफेसरला मात्र त्याने असे लिहून दिले की सगळा मसाला मी स्वतः हजर राहून कालवून घेतला.

मसाला हा गवंड्यांचाच शब्द. कालवलेल्या चुन्याला ते मसाला म्हणतात. मसाल्यात काय पडावे हे आपल्याला कळते अशी सासूची समजूत होती. आणि चुन्याच्या बाबतीत ते खरेच होते. आमच्याकडे पक्क्या बांधकामाच्या चुन्यात गुळाचे पाणी घालत, बेलफळाचा गर घालत, उडदाचे पाणी घालत. पुढच्या पिढीला विहीर दाखवताना बाया अभिमानाने सांगत, हिला आमच्या घरचा गूळ गेलाय. त्या वेळीही चुन्याच्या बाजूला सासूने गूळ दिला. मग सिमेंटची बाजू सुरू झाली. तेव्हा ती मोठ्या हंड्यात गूळ विरघळवून गड्याच्या डोक्यावर देऊन स्वतः मळ्यात आली. मी भाकरी घेऊन मागे होते.

गवंडी म्हणाला, "मालकीणबाई, हितं नको. सायेब नको म्हणालेत."

"सायेब कुणाच्या पोटचा हाय?"

"तुमच्याच."

"मंग?"

गवंडी हसला. "मला काय, मी वतीन. पर सायेबानं इचारलं तर?"

"तर माझं नाव सांग. चुन्याच्या बाजूला गूळ आन् माज्या लेकाच्या बाजूला कोरडं पाणी? लोकं म्हणतील, सावत्र आई हाय ही." आणि सिमेंट कालवायच्या पाण्याचे पिंप होते, त्यात तिने हंडा स्वतःच्या हाताने ओतला. पुढे रोज एक हंडा जात राहिला. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. कुणालाच वाटले नाही.

भिंत वर येत गेली. काही दिवसांनी गवंडी सांध्यात खिळा खुपसून बघताना दिसला. मला म्हणाला, "वैनी, हे सिमिट लई आळशी हाय. चुन्यापरीस बी सावकाश." त्याने सासूला सांगितले तर ती म्हणाली, "हैद्राबादहून आलंय, दमलं असंल." दोघे हसले.

मग सासू माजलगावला तिच्या भावाकडे लग्नाला गेली. नेमके तेव्हाच भिंतीचे दर्जे भरायचे काम निघाले, म्हणजे दगडांमधल्या फटी बाहेरून सिमेंटने बुजवायच्या. सासू नव्हती, म्हणून गूळ नव्हता. ते सिमेंट साध्या पाण्यात कालवले गेले आणि पोलादासारखे झाले. म्हणजे भिंत वरून टणक आणि आतून पुरण.

उन्हाळ्यात प्रोफेसर आला. मोमिनाबाद, म्हणजे आताचे आंबेजोगाई, तिथवर मोटारीने आणि पुढे आमच्या गाडीने. धुळीने माखला होता, तरी पाणीसुद्धा न पिता थेट विहिरीत उतरला. हातोडीने भिंतीवर ठोकले. भिंत खणखण वाजली. "बहोत खूब," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याचा चेहरा मी तसा उजळलेला आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मग प्रोफेसर म्हणाला, "एक पत्थर निकालो. अंदर का मसाला देखेंगे."

गवंड्याने पहार उचलली नाही. तो म्हणाला, "सायेब, ही बाजू जरा..."

"सांगितलं तेवढं कर बे," माझा नवरा म्हणाला.

त्याने केले. पुढचे वर लिहिले आहे.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी प्रोफेसर ओसरीवर पडला होता. हाड बसवणाऱ्याने त्याचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला होता. नवरा लंगडत स्वयंपाकघरात आला. सासू चुलीपुढे होती, मी दूध तापवत होते. मी तिथे आहे याची दोघांना पर्वा नव्हती.

"आई, सिमेंटात काय घातलं?"

"कोण म्हणतं?"

"मी चाखलं."

सासूने चुलीत लाकूड सारले. मग म्हणाली, "गूळच घातला. इख न्हाई घातलं."

"पाण्याबिगर काय घालू नका म्हणलं व्हतं न्हवं?"

"गुळाचं पाणीच व्हतं की ते."

तो खाली बसला. "अगं, चुन्याला गूळ चालतो. सिमेंटात गेला की ते घट्टच व्हत न्हाई. वर्सभर ठिवलं तरी न्हाई."

"मंग हे कावून सांगितलं न्हाईस? मी काय तुजी वैरीण हाय?"

तो पायाचा रुमाल सोडून पुन्हा बांधू लागला. सासूने विचारले, "आता जागा जाती का?"

"मी हजर व्हतो असं लिहून दिलंय."

"म्हंजी जाती."

तो उठला आणि ओसरीवर गेला. मी दूध घेऊन दाराशी पोचले तेव्हा प्रोफेसर विचारत होता, "तुम खुद मौजूद थे ना?"

"था, सर. मगर रात को गोदाम गवंडी के हवाले था. उसने सिमेंट बेच खाया. बोरियों में रेत मिला दी."

प्रोफेसरने मान हलवली. त्याचा लगेच विश्वास बसला. मेलेला माणूस, तोही गवंडी, त्याच्यावर विश्वास बसायला कितीसा वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याच्या घरी गेले. गवंडीण दारात बसली होती. मी तिला जे होते ते सांगितले. तिला ते नवे नव्हते.

"गुळाचं मला म्हाईत हाय. रोज हातापायाला मुंग्या लागायच्या त्येच्या. मला कावून सांगायलात? मी काय गूळ घातला व्हता?" तिने माझ्याकडे पाहिले. "चार मान्सांत बोला. मंग खरं मानीन."

"बोलते," मी म्हणाले.

केजहून पोलिसांचा अमीन आला. आमच्या अंगणात जाजम अंथरले, पंच बसले. अमीन गमत्या होता. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "आप भी तहकीकात करते, हम भी तहकीकात करते. फर्क इतनाच, के आप को तनखा जास्ती है." सगळे हसले, नवराही हसला. मग नवऱ्याने चोरीचे सांगितले.

गवंडीण मधे उठली. "माज्या मालकानं चिमूट बी नेली न्हाई. घर झाडून बगा."

"बेच के खाया होगा, तो घर में कैसे मिलेगा?" अमीन म्हणाला.

मी दाराआड होते. बाहेर आले. आमच्या घरच्या बाया पुरुषांच्या बैठकीत येत नसत, त्यामुळे सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "चोरी झाली न्हाई. सिमेंटात गूळ पडला व्हता. माझ्या सासूनं घातला. गुळानं सिमेंट नासतं."

"अगं अवदसे!" सासू आतून ओरडली.

अमीनाला मराठी चांगले कळत होते. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "गुळाने भिंती पडत्या, बाई, तर बीडच्या हलवाईगल्लीत एक घर उभं राहिलं नसतं." पंच मांड्यांवर हात मारून हसले. हसणे ओसरल्यावर तो माझ्या नवऱ्याकडे वळला. "क्यों साब? आप तो इलमवाले हैं. गुड से सिमेंट बिगडता क्या?"

प्रोफेसर शेजारी खाटेवर होता. त्यानेही मान वळवून माझ्या नवऱ्याकडे पाहिले. त्याला गुळाचे ठाऊक नसावे. ठाऊक असते तर त्याने विचारले असते. त्या अंगणात ही गोष्ट खात्रीने जाणणारा एकच माणूस होता, आणि ती जाणण्यासाठीच त्याला सरकारचा पगार मिळत होता.

"जी नहीं," तो म्हणाला. मग गावाला कळावे म्हणून मराठीत म्हणाला, "गुळानं काय बी व्हत न्हाई. उलट पक्कं व्हतं. आपले वाडवडील घालतच व्हते की."

पंचांनी माना डोलावल्या. अमीन म्हणाला की बाईमाणसाचा जबाब लिहायची गरज नाही. गवंडीण उठून गेली. जाताना ती माझ्याजवळ थांबली नाही.

निघायच्या आधी नवऱ्याने मला गोठ्यात गाठले. "तू कुणाच्या घरची? आमच्या का गवंड्याच्या?"

"मी खरं सांगितलं."

"जागा गेली असती तर काय खाल्लं असतंस?"

"आता खाते तेच. भाकरी तुमच्या हैद्राबादहून येत न्हाई."

"मग खा इथंच. हैदराबादचं नाव काढू नको."

मी काढले नाही, आणि त्यानेही पुन्हा नेण्याची गोष्ट केली नाही. प्रोफेसरने लिहिले की पद्धत ठीक होती, मजुराच्या अप्रामाणिकपणामुळे भिंत पडली. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या आवारातच तशीच भिंत पुन्हा बांधायला दिली. ती उभी राहिली, कारण तिथे सासू नव्हती. त्याची जागा कायम झाली. सासूने पेढे वाटले. गवंड्याच्या घरीही पाठवले होते. ते गवंडिणीने उकिरड्यावर टाकले आणि पाटी परत केली.

गवंड्याच्या घराला पुढे आमच्या भागात कुणी काम दिले नाही. चोराचे घर म्हणत. गवंडीण शेतांवर खुरपायला जाऊ लागली. आमच्या शेतावर कधी आली नाही. ती वाटेत दिसली की सासू बांधावरून वळून जात असे.

नवरा सुट्टीत येई, जेवे, अंग टाकी, जाई. मुले झाली ती सुट्ट्यांतली. तो मोठा झाला, स्वतः प्रोफेसर झाला, त्याच्या हाताखाली मुदतीच्या जागांवर पोरे आली. निजामाचे राज्य गेल्यावर त्यातला एक पोरगा बीडला पुलाच्या कामावर लागला. तो सरांचे घर म्हणून आमच्याकडे पाया पडायला आला. चहा पिताना सरांचे गुण गाऊ लागला. "सिमेंटजवळ साखरेचा कणसुद्धा येऊ द्यायचा नाही, हे सरांनी आमच्या डोक्यात ठोकून बसवलंय. दोन पेल्यांत कालवून दाखवायचे. एक साधा, एक साखरेचा. दुसऱ्या दिवशी साखरेचा पेला बोटानं उकरायला लावायचे."

"पेल्यातच दाखवायचे?" मी विचारले. "भिंत बांधून न्हाई दाखवली कधी?"

त्याला वाटले मी थट्टा करते. तो हसला आणि म्हणाला, "काकू, भिंतीखाली माणूस मरंल की." चहा संपवून तो निघून गेला.

भिंत पडली त्या दिवशी विहिरीत तिघे उतरले होते. प्रोफेसर आणि माझा नवरा वर आले, पुढे बरीच वर्षे जगले आणि अंथरुणात मेले. गवंडी तिथेच मेला. काठावरची सासूही गेली. आता मी आहे आणि गवंडीण आहे.